घरातला मनी प्लांट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत कुणाच्या झाडाचं काही बिनसलं की ते आमच्या दाराशी येऊन थांबतं, कधी कुंडीसकट, कधी मोबाइलमधल्या फोटोतून. मी वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. वीसेक वर्षं घरात नि गॅलरीत वेली वाढवल्या, बऱ्याच मारल्यासुद्धा, एवढंच माझं भांडवल. येणाऱ्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त मनी प्लांटचे असतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. ही झाडाच्या खोडावर चढणारी वेल आहे, हे आपण विसरून गेलेलो असतो. टीव्हीशेजारी, शोकेसवर, बाटलीत लोंबताना पाहून पाहून लोंबणं हाच तिचा स्वभाव आहे असं वाटायला लागतं. खालची उत्तरं वाचताना तिचं हे चढणं तेवढं डोक्यात असू द्या.

मनी प्लांट म्हणजे नेमकं कोणतं झाड?

आपल्याकडे ज्याला सरसकट मनी प्लांट म्हणतात ते एपिप्रेम्नम ऑरियम. बदामाच्या आकाराची जाडसर, चकचकीत पानं आणि त्यांवर पिवळे-पांढरे शिंतोडे. अळू, सुरण, शेवळं यांच्याच कुळातलं. नर्सरीत याच्या शेजारी बऱ्याचदा फिलोडेन्ड्रॉन ठेवलेला असतो आणि तोही मनी प्लांट म्हणूनच विकला जातो. फरक ओळखायचा तर नवं पान बघा. फिलोडेन्ड्रॉनचं नवं पान एका पातळ पापुद्र्यातून बाहेर येतं आणि तो पापुद्रा नंतर वाळून गळतो. मनी प्लांटचं पान आधीच्या पानाच्या देठालगत गुंडाळीसारखं निघतं, वेगळा पापुद्रा नसतो. देठावर बोट फिरवलंत तर आतल्या बाजूला पन्हळीसारखी खाच लागते. चुकून फिलोडेन्ड्रॉन घरी आलाच तर घाबरू नका, निगा जवळजवळ सारखीच.

हा मूळचा कुठला? आणि याला फूल का येत नाही?

दक्षिण पॅसिफिकमध्ये ताहितीच्या शेजारी मोओरिया नावाचं छोटं बेट आहे. फ्रेंच पॉलिनेशियातलं हे बेट म्हणजे मनी प्लांटचं माहेर. १८८० साली लिंडन आणि आंद्रे यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा ‘पोथॉस ऑरियस’ असं नाव दिलं. परदेशात अजून त्याला पोथॉस म्हणतात ते त्यामुळेच. पुढे त्याचं बारसं इतक्या वेळा झालं की विचारू नका. वनस्पतीचं कूळ-गोत्र ठरवायला फूल लागतं आणि हे रोप फुलायचं नावच घेत नव्हतं. १९६२ साली एकदाचं फूल पाहायला मिळालं तेव्हा त्याला राफिडोफोरा या प्रजातीत हलवलं, आणि १९६४ साली आजचं एपिप्रेम्नम हे नाव आलं.

फूल न येण्याचं कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून समजलं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारा एक जनुक या रोपात नीट चालत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर त्याला फुलं आली. १९६४ नंतर ते आपणहून फुलल्याची नोंद नाही, असंही त्या अभ्यासात म्हटलं आहे. तेव्हा ‘आमच्याकडे सात वर्षं आहे, पण फूल नाही’ ही तक्रार घेऊन येऊ नका. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून हा सगळीकडे पोचला तो शेजारणीने शेजारणीला दिलेल्या तुकड्यांतून.

कोकणात याची पानं सुपाएवढी दिसतात. माझ्याकडे बारा वर्षांत तळहाताएवढंही पान का आलं नाही?

सगळ्यात आवडता प्रश्न. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर चढलेली एक दांडगी वेल तुम्ही पाहिली असेल. फूट-दीड फूट लांबीची पानं, कडांना चिरा गेलेल्या, कुणी कात्रीने कापल्यासारख्या. पुष्कळांना ते वेगळंच झाड वाटतं. आहे तो मनी प्लांटच.

या वेलीला बालपण आणि मोठेपण अशा दोन अवस्था असतात. जमिनीवर सरपटताना किंवा खाली लोंबताना ती बालपणातच राहते. पानं लहान आणि अखंड, दोन पानांमधलं अंतर लांब, खोड बारीक. चढायला झाडाचं खोड मिळालं, पेरांपेरांतून निघालेली मुळं सालीला चिकटली आणि वर जाता जाता उजेड वाढत गेला की पुढचं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं येतं. मोठ्या झाडावर ही वेल वीस मीटरपर्यंत चढते आणि पूर्ण वाढलेलं पान मीटरभर लांब होऊ शकतं. आपण घरी काय करतो? तिला कपाटावरून खाली सोडतो आणि लांबीचं कौतुक करतो. वेल खाली उतरत असली की पानं आणखी लहान होत जातात, टोकाला तर विड्याच्या कोवळ्या पानाएवढी.

तेव्हा मोठं पान हवं असेल तर खताची पुडी आणण्याआधी आधार आणा. घरात मीटरभर पान येणार नाही, पण चांगल्या उजेडात, ओल्या आधारावर वर्ष-दीड वर्षात तळहाताच्या दुप्पट पान नक्की येतं. माझ्या गॅलरीच्या दारापाशी आलंय.

मॉस स्टिक लावली, तरी काही फरक नाही. का?

कारण ती बहुधा कोरडी ठणठणीत आहे. आपल्याकडे मॉस स्टिक म्हणून मिळते ती प्लॅस्टिकच्या पाइपवर काथ्या गुंडाळलेली काठी. मुळांना ओल सापडली तरच ती आत शिरतात. कोरड्या काथ्यावर सुकून तपकिरी काड्या होऊन लटकत राहतात, आणि वेल काठीला बांधलेली असते पण चढलेली नसते. रोज सकाळी काठीवर स्प्रे मारा, किंवा कुंडीला पाणी घालताना अर्धा तांब्या काठीच्या माथ्यावरूनच ओता.

बांधतानाही एक चूक हमखास होते. लोक पानाचे देठ बांधतात. बांधायचं ते खोड, आणि तेही असं की पेर, म्हणजे जिथून मुळाचा कोंब डोकावतो तो भाग, काठीला टेकेल. सुतळी सैल असू द्या. नव्या मुळांनी धरलं की दोन-तीन महिन्यांत सुतळी काढता येते. फार दिवस लोंबून लहान पानांची झालेली वेल तशीच उचलून काठीला गुंडाळण्यापेक्षा तिचे शेंडे कापून, मुळं फुटल्यावर काठीच्या तळाशी लावणं मला जास्त फळलं आहे.

काठीच हवी असं नाही. करवती न मारलेली, सालीसकट आंब्याची जाड फांदी किंवा खडबडीत फळी काठीपेक्षा चांगली. दिसतेही छान. वेल माथ्याला पोचली की वरचा फूटभर तुकडा छाटून त्याच कुंडीत लावा. खालच्या खोडाला बाजूने नवे फुटवे येतात आणि कुंडी भरगच्च होते.

भिंतीवर चढवली तर?

चढेल. रंग, प्लास्टर घेऊन उतरेल. भाड्याच्या घरात तर विचारही करू नका.

ऊन किती लागतं? ‘अंधारातही वाढतो’ असं नर्सरीवाला म्हणाला होता.

अंधारात तो लगेच मरत नाही एवढंच खरं. जंगलात वरच्या झाडोऱ्यातून गाळून आलेला उजेड त्याला मिळतो. घरात त्याच्या जवळची जागा म्हणजे पूर्वेच्या खिडकीशी सकाळचं कोवळं ऊन, किंवा दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत, पातळ पडद्याआड. माझी साधी कसोटी अशी: कुंडीच्या जागी बसून दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचता येत असतील तर जागा चालेल. डोळे बारीक करावे लागत असतील तर वेल जगेल, पण पेरांतलं अंतर लांबत जाईल आणि पानांवरचे पिवळे शिंतोडे कमी होतील.

एप्रिल-मेमधलं पश्चिमेचं ऊन मात्र नको. पानावर आधी फिकट, मग तपकिरी, कागदासारखे डाग पडतात आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

पांढऱ्या पानांची जात हळूहळू हिरवी का होत चालली आहे?

मार्बल क्वीन, एन जॉय, मंजुला या जातींच्या पानांतल्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग अन्न बनवत नाही, नुसता बसून खातो. म्हणून या जाती मुळात सावकाश वाढतात आणि त्यांना उजेड जास्त लागतो. त्यातून एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला तर तो इतरांपेक्षा जोमाने वाढतो आणि बघता बघता सगळी कुंडी त्याचीच होते. असा फुटवा दिसताच बुडापासून काढा आणि वेगळा लावा.

पाणी कधी घालायचं? रोज की एक दिवसाआड?

वार ठरवून पाणी घालायचंच नाही. मी पाहिलेले मेलेले मनी प्लांट बहुतेक पाण्याने मेले आणि पाणी घालणारी माणसं फार प्रेमळ होती. घरात एकापेक्षा जास्त जण झाडांवर प्रेम करत असतील तर धोका वाढतो. आजी सकाळी घालतात, सून संध्याकाळी घालते, आणि कुणी कुणाला विचारत नाही.

पुन्हा त्या खोडावरच्या वेलीकडे या. पावसात तिची मुळं चिंब होतात, पण पाणी क्षणभर थांबत नाही, निथळून जातं आणि वारा लागतो. मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. डबक्यासारख्या मातीत हवा संपते, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे झाड चक्क तहानल्यासारखं मलूल दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो.

दोन पेरं बोट मातीत खुपसा. ओल लागली तर पुढच्या दाराने निघून जा. कोरडं लागलं तर भरपूर घाला, खालच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि बशीत साठलेलं ओतून द्या. रोज अर्धा कप शिंपडणं सगळ्यात वाईट. वरची माती कायम ओली आणि खालची मुळं कोरडी, असा दोन्हीकडून तोटा. एकदा सवय झाली की कुंडी उचलून वजनावरूनच कळतं.

माझ्याकडे मे महिन्यात चार-पाच दिवसांनी पाणी लागतं, भर पावसात दहा-बारा दिवसांनी, थंडीत साधारण आठवड्याने. हे आकडे माझ्या घराचे. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लॅस्टिकची उशिरा. विदर्भातल्या उन्हाळ्याचं आणि कोकणातल्या श्रावणाचं गणित एक असणार नाही. आणि चुकायचंच असेल तर कोरड्याच्या बाजूने चुका. तहानलेली पानं जरा मऊ पडतात, कडा आत वळतात, आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होतात. कुजलेल्या मुळांना अशी दुसरी संधी क्वचितच मिळते.

पानं पिवळी पडताहेत. काय कमी पडतंय?

बहुतेक वेळा काही जास्त पडतंय. बुडाकडचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळलं तर ते म्हातारपण आहे, सोडून द्या. एकाच आठवड्यात चार-पाच पानं गेली, खोड बुडाशी काळं-मऊ लागलं, मातीला आंबूस वास आला, तर मुळं कुजली आहेत. रोप कुंडीतून काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. चिमटीत धरल्यावर साल सुटून आत दोरा उरतो ते मेलेलं. तेवढं कापून टाका, उरलेलं नव्या, भुसभुशीत मातीत लहान कुंडीत लावा. मुळं सगळीच गेली असतील तर वरचे चांगले तुकडे कापून पाण्यात ठेवा. या झाडाचं हे एक बरं आहे, एक पेर शाबूत असलं तरी संसार पुन्हा उभा राहतो.

टोकं तपकिरी आणि कुरकुरीत होत असतील तर हवा फार कोरडी आहे, किंवा मातीत क्षार साठले आहेत. बोअरवेलचं जड पाणी घालणाऱ्यांच्या कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात ती हीच. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन चांगलं बादलीभर पाणी तिच्यातून वाहू द्या. पावसाचं पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

सकाळी पानांच्या टोकाला पाण्याचे थेंब दिसतात. झाडाला काही झालंय का?

काही नाही. माती ओली, हवा दमट आणि रात्रीचं बाष्पीभवन मंद, अशा वेळी मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पानाच्या टोकातून थेंब होऊन बाहेर पडतं. परसातल्या अळूच्या पानालाही पहाटे असाच थेंब लोंबतो. खाली लाकडी फर्निचर असेल तर फडकं ठेवा. रोज थेंब दिसत असतील तर पाणी जरा हात राखून घाला.

बाटलीत लावलेला चांगला की मातीतला?

बाटलीतला वर्षानुवर्षं जगतो, फार वाढत नाही. पाण्यात अन्न नसतं आणि चढायला काही नसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एखादी बाटली छानच दिसते. पाणी आठवड्याला पूर्ण बदला, बाटली आतून घासा, आणि पाण्यात बुडालेली पानं काढून टाका, ती सडतात. काच पारदर्शक असली तर शेवाळ धरतं. रंगीत बाटली घ्या किंवा बाहेरून कागद गुंडाळा.

आता डासांबद्दल. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ अंडी घालते. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या बश्या आणि मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात ते यासाठीच. आमच्या मजल्यावर एका घरात शोकेसमधल्या बाटलीत अळ्या सापडल्या होत्या. त्या घरात बाटलीला दर दोन दिवसांनी पाणी ‘घातलं’ जात होतं, म्हणजे वरून भर टाकली जात होती. भर टाकून उपयोग नाही, पाणी ओतायचंच. आणि नुसतं ओतूनही भागत नाही, कारण अंडी काचेला चिकटलेली राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून घासणं. बाटलीचं तोंड कापसाने किंवा जाळीच्या कापडाने बंद करा. जून ते नोव्हेंबर मी बाटल्या ठेवतच नाही, सगळं मातीत.

माती कशी तयार करू?

नर्सरीतून आणलेलं रोप पुष्कळदा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं. ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. त्या गोळ्यातली सुटेल तेवढी माती हलक्या हाताने सोडवा. बागेतली माती एक भाग, कोकोपीट एक भाग, गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, आणि वर दोन मुठी जाड काहीतरी: विटांचे बारीक तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे. मूठ आवळून सोडल्यावर मिश्रण सुटं झालं पाहिजे. कुंडीला भोक हवंच. भोक नसलेली सुंदर चिनी मातीची कुंडी भेट आली असेल तर आत भोकाची साधी प्लॅस्टिक कुंडी ठेवा.

मुळं खालच्या भोकातून डोकावू लागली की दोन इंच मोठी कुंडी, त्याहून मोठी नको. कुंडी बदलायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम.

खत कोणतं? चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, दूध यातलं काय चालतं?

दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. फार हौस असेल तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, मार्च ते ऑक्टोबर. थंडीत वाढ मंदावते तेव्हा बंद.

तांदळाचं धुवण अधूनमधून चालेल. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकलात तर मुंग्या, बुरशी आणि चिलटं यांचं संमेलन भरेल. धुऊन, कुजवून टाका. दुधाने पानं पुसणं बंद करा, ओलं फडकं पुरे. अंड्याची टरफलं कुजायला इतका वेळ घेतात की तोवर झाड तुमच्या नातवंडांकडे गेलेलं असेल.

एका पानापासून रोप होईल का?

नुसत्या पानापासून नाही. पान देठासकट पाण्यात ठेवलं तर महिनोन्‌महिने हिरवं राहतं, कधी मुळंही येतात, पण त्यातून वेल निघत नाही. नवा कोंब येतो तो पेरावरच्या डोळ्यातून. म्हणून पेराच्या अर्धा इंच खाली, स्वच्छ कात्रीने कापा. एक पेर, एक पान एवढा तुकडा पुरतो. पेर पाण्यात, पान बाहेर. गरम दिवसांत दोन आठवड्यांत मुळं दिसतात, थंडीत महिना लागतो. दोन-तीन इंच झाली की मातीत हलवा. फार लांब मुळं होऊ दिली तर पाण्याला सरावलेलं रोप मातीत रुळायला कुरकुर करतं. सुरुवातीचे दहा दिवस माती जरा जास्त ओलसर ठेवा. भरगच्च कुंडी हवी तर सात-आठ तुकडे एकत्र लावा. एकच तुकडा लावून झुडुपाची वाट बघणारे पुष्कळ भेटतात.

पेरांतून निघणारी ती तपकिरी हवाई मुळं मात्र घाण समजून कापू नका. वेलीचे हात आहेत ते.

पांढरा कापूस चिकटल्यासारखी कीड आहे.

पिठ्या ढेकूण. देठाच्या बेचक्यात आणि पानामागे लपतो. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नीट घुसळून, संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. एकदा फवारून थांबलात तर अंड्यांतून निघालेली पुढची पिढी भेटायला येते. मुंग्यांची रांग दिसली तर तिच्या मागोमाग जा. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात. मातीवर उडणारी बारीक चिलटं ओल जास्त असल्याची निशाणी.

एसीच्या खोलीत चालतो का?

चालतो, थेट झोतात नको. कूलरच्या दमट हवेत तर मजेत असतो.

घरातली हवा शुद्ध होते म्हणतात, आणि रात्री ऑक्सिजनही देतो?

१९८९ साली नासाच्या एका अभ्यासात काही घरगुती झाडं बंद पेटीत ठेवून हवेतली रसायनं कमी होतात का, ते पाहिलं होतं. मनी प्लांट त्यांत होता. तिथून ही कीर्ती पसरली. पण आपलं घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांनी हिशेब मांडला, की खिडकी-दारांतून होते तेवढी हवा झाडांकडून शुद्ध करून घ्यायची तर दर चौरस मीटर जमिनीला दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी उघडा. रात्री इतर झाडांसारखाच हाही श्वासावाटे ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, पण ते प्रमाण इतकं किरकोळ की बेडरूममध्ये खुशाल ठेवा.

विषारी आहे का? घरात मांजर आहे, रांगतं बाळ आहे.

खाण्याजोगा नाही. अळू नीट शिजला नाही की घसा खाजतो, शेवळांच्या भाजीत काकडं घालावी लागतात, त्यामागे जे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच मनी प्लांटच्या पानात आणि खोडात आहेत. चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकते. मांजर-कुत्र्यांना उलट्याही होतात. सहसा जिवावर बेतत नाही, कारण पहिल्या घासानंतर कुणी दुसरा घास घेत नाही. तोंडातले तुकडे काढा, तोंड धुवा, थंड पाणी द्या. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, प्राण्याला पशुवैद्याकडे न्या. छाटणी करताना चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते, हातमोजे घाला. आणि हात न धुता डोळे चोळू नका, हा अनुभवाचा सल्ला.

चोरून आणलेलाच फळतो, आणि आग्नेयेलाच ठेवावा, हे खरं का?

चोरलेला आणि विकत घेतलेला, दोन्ही मी वाढवले आहेत. वाढीत फरक दिसला नाही, पैशांतही नाही. माझा अंदाज असा की मागितल्यावर शेजारीण दोन पानांचा मरतुकडा तुकडा देते आणि चोरणारा माणूस चांगला जाडजूड फुटवा बघून कापतो. आग्नेयेला खिडकी असेल तर बेलाशक ठेवा, सकाळचं ऊन मिळेल. तिथे शूजचं कपाट असेल तर वेलीवर दया करा.

पंधरा दिवस गावी जायचंय.

निघायच्या दिवशी भरपूर पाणी घाला, निथळू द्या, कुंडी खिडकीपासून आत सावलीत सरकवा. एवढ्यावर निभतं. मे महिना असेल तर शेजारी पाण्याची झाकलेली बादली ठेवा, झाकणातल्या भोकातून जाड सुती नाडीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत दोन इंच खोल. बाटलीतली रोपं असतील तर शेजाऱ्यांकडे द्या, नाहीतर परत याल तोवर डासांचं घर झालेलं असेल.

मुलगी कॅनडात आहे, तिथे जगेल का?

जगेल, आणि इथून तुकडा पिशवीत लपवून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. तिकडच्या दुकानात पोथॉस किंवा डेव्हिल्स आयव्ही या नावाने सहज मिळतो. तिथली अडचण हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांची. दक्षिणेच्या खिडकीजवळ ठेवायला सांगा, पण पान थंड काचेला टेकू देऊ नका. दहा अंशांखाली पानं काळी पडू लागतात. हीटरच्या वर ठेवू नये. पाणी तिथे तीन आठवड्यांतून एकदाही पुरेल.

छाटलेले तुकडे कुठे टाकू?

कुंडीच्या खतात टाकायचे तर आधी उन्हात पूर्ण वाळवा, ओलं पेर खतातही फुटतं. टेकडीवर, नाल्याकाठी, जंगलाच्या कडेला मात्र कधीही टाकू नका, आणि फिरायला गेल्यावर ‘तिथे छान वाढेल’ म्हणून लावूही नका. छान वाढतो हीच अडचण आहे. श्रीलंका, हवाई, फ्लोरिडा इथे बागेतून सुटलेल्या मनी प्लांटने जंगलाची जमीन आणि झाडांची खोडं व्यापली आहेत, आणि खालची स्थानिक रोपं त्याच्या पानांखाली दबून जातात. सह्याद्रीत खोडांवर चढणाऱ्या आपल्या स्वतःच्या वेली आहेत, त्यांना ही जागा लागते. जास्तीचे तुकडे असतील तर मुळं फोडून शेजारी वाटा. आमच्या लिफ्टच्या बाहेर मी एक खोका ठेवते, ‘घेऊन जा’ असं लिहून. तरीही त्यातले निम्मे लोक इकडेतिकडे बघून, खिशात घालून नेतात.